जुनी फिल्म मागणाऱ्या बाई

“जुनी फिल्म आनली का?”

आमच्या गोंदियाच्या दवाखान्यातल्या एक्स-रेवाल्या बाईंचा नमस्कार हा असा. मी केसपेपरच्या खिडकीत बसायचो, तिथवर त्यांचा आवाज यायचा. नाही म्हटलं की पुढचं ठरलेलं, “काऊन नाही आनली? एकली फिल्म मुकी राहते.”

तुम्हीही पाहिलं असेल, आपल्याकडे फिल्मचं काय काय होतं. चिचगडच्या एका आजोबांनी जुनी फिल्म आणली ती मधला तुकडा कापलेली. नातवंडांनी त्या तुकड्यातून ग्रहण पाहिलं होतं. बाई कडाडल्या, “आता तुमचं फुप्फुस मी कोठी पाहू?” आणि तरीही ती भोकाची फिल्म उजेडाच्या पेटीवर लावून, उरलेल्या कडा त्यांनी नव्या फिल्मशी ताडून पाहिल्याच.

मग माझ्याच बाबांना फुप्फुसाचा कॅन्सर निघाला. उपचार नागपूरला ठरले. बाई म्हणाल्या, “केमोच्या आधी पेट स्कॅनचं इचारा डॉक्टरले. पहिलाच नसला, त मंग दुसरा कोनाशी ताडाल?” डॉक्टरांनीही तेच करायला सांगितलं.

दोन केमो झाल्या. बाबा पार खंगले, आणि नव्या सीटीत गाठ होती तेवढीच. गोंदियाजवळच्या आमच्या गोरेगावच्या घरी खाटेवर बसून बाबा म्हणाले, “बंद कर आता. गाठ तेवढीच हाये, मी मात्र अर्धा झालो.”

मी दोन्ही सीटी बाईंपुढे ठेवल्या. खोटा धीर देणं त्यांना जमतच नसे.

“तेवढीच हाये,” त्या म्हणाल्या. “पन सीटी गाठीचं माप सांगते. तिच्यात जीव किती, ते पेटमंधी दिसते. चुलीतली गोवरी जळून राख झाली तरी आकार तसाच राहते ना? मी डॉक्टर नाही, भाऊ. त्यायले इचारा. पन पाह्यल्याबिगर बाबाले घरी नोको बसवू.”

डॉक्टरांनी दुसरा पेट करून घेतला. पहिल्या चित्रात गाठ लालभडक पेटलेली, दुसऱ्यात जेमतेम धुगधुगी. औषध लागू पडत होतं. बाबा पुढच्या केमोला निघाले ते कुरकुरतच, पण निघाले. बाईंचे हे उपकार आमच्या घरावर कायमचे आहेत.

तीन वर्षांनी बाई गेल्या. तापाचं निमित्त झालं. निवृत्तीही बघितली नाही त्यांनी.

तिरडी उचलताना बाबा पुढे झाले. मी हात धरला, “बाबा, दम लागेल.”

“लागू दे,” ते म्हणाले, आणि चौक येईपर्यंत त्यांनी कुणाला खांदा बदलू दिला नाही.