दारावरची नॉइंटरची पाटी

गेल्या महिन्यात कोल्हारहून माझ्या मामेभावाचा, शमुवेलचा फोन आला. दावीदमामा झोपेतच गेले होते. मी रडायला लागले तोच तो म्हणाला, "ताई, कबरीच्या दगडावर ते कोरायचं का न्हाई, तूच सांग."

'ते' म्हणजे मामांची पदवी. आमच्या नात्यात सगळे मास्तर. प्रत्येक दारावरच्या पाटीत नावापुढे बी.ए., बी.एड. मामा तेवढे नववी नापास, टेम्पो चालवणारे. पण पाटी त्यांनीही लावली होती: 'दावीद, नॉइंटर'. लहानपणी मिशनच्या बोर्डिंगात त्यांनी प्रार्थनेच्या पेटीत बेडूक सोडला, तेव्हा इंग्रज मॅडम त्यांना हसत हसत नॉइंटर म्हणाल्या होत्या. हसत होत्या म्हणजे कौतुकच, असा मामांचा हिशेब. पाटी वाचून लोक अर्ज लिहून घ्यायला यायचे, मामा लिहूनही द्यायचे आणि तळाला 'लिहिणार: दावीद, नॉइंटर' असं ठणकावून घालायचे.

मी संगमनेरला कॉलेजात इंग्रजी शिकवते. एकदा जुन्या इंग्रजी बोलीकोशात तो शब्द सापडला आणि माझी झोप उडाली. मूळ अर्थ अभिषिक्त, म्हणजे पवित्र तेल लावलेला. पण इंग्लंडातल्या खेडुतांनी चोप देण्यालाच तेल लावणं म्हणायला सुरुवात केली, आणि ज्याला ते रोज लावावं लागतं असा उपद्व्यापी कारटा तो नॉइंटर. सांगावं तर मामांची एकुलती एक डिग्री जाणार. न सांगावं तर मी कसली मास्तरीण? शेवटी सांगितलं. मामा चहा तसाच ठेवून उठले.

पुढच्या रविवारी गेले तर दारावर पाटी नव्हती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढ्यात मामा टेम्पोतून नवी पाटी उतरवताना दिसले. शब्द तोच, अक्षरं दुप्पट मोठी.

"कष्टाळू, देवभीरू म्हनत समद्यांनी मला लई फसवलं," ते म्हणाले. "मॅडमनी तेवढं बरोबर वळखलं हुतं."

म्हणून मी शमुवेलला कोर म्हणाले. चर्चच्या पाळकसाहेबांनी अर्थ विचारला. "मुळात अभिषिक्त," मी सांगितलं, आणि ते खोटं नव्हतं. त्यांनी तो शब्द प्रार्थनेत दोनदा घेतला. मला मामांची फार आठवण आली.

परवा कोल्हारला गेले होते. एक आजी कोरा कागद घेऊन पाटीखाली उभ्या. "सायेब हायेत का?" मी कागद घेतला, पायरीवर बसले, त्यांचा अर्ज लिहिला. तळाला 'लिहिणार' म्हणून माझं नाव घातलं आणि एम.ए.च्या जागी लिहिलं, नॉइंटरची भाची.