बांगड्यांचा आहेर

"घे, तुझ्या हातानं दे त्याला. बाईच्या हातून लई झोंबतंय."

भाऊंनी ताट माझ्या हातात कोंबलं. ताटात हिरव्या बांगड्या, वर घडी घातलेली साडी. अहमदपूरच्या ठाण्यासमोर आमचा मोर्चा होता. शाळेतून येणाऱ्या एका पोरीला बड्या घरच्या पोरांनी अडवलं, ओढणी ओढली, आणि फौजदार तक्रार घेईना. म्हणून त्याला बांगड्या भरायच्या. भेकड आहे, म्हणून.

भाऊ म्हणजे आमच्या लाल झेंड्याचे जिल्ह्याचे पुढारी. घरची बागायत, दारात दोन गाड्या. मी त्यांच्यामागं सतरंज्या उचलतच मोठी झाले. जिल्हा परिषदेचं तिकीट यंदा तुलाच, म्हणाले होते.

मी मोर्चाकडं बघितलं. सगळ्या बायाच. उन्हात चालत आलेल्या, हातभर बांगड्या घालून. पोरीची माय सगळ्यात पुढं. आणि ह्यांच्यासमोर मी सांगायचं की बांगड्या म्हणजे भेकडपणा?

मी मुळातच भित्री. तरी माईकवर तोंडातून निघून गेलं, "भित्र्याला बांगड्या कशाला? बांगड्या घातलेल्या बायाच तर न भिता हितं आल्यात. ताट परत न्या!"

बायांनी टाळ्या वाजवल्या. भाऊंनी माईक हिसकून घेतला. "बाईच्या हातात माईक दिला की असं होतंय बघा." त्यांच्या मागं उभी गडीमाणसं खो खो हसली. आमचीच माणसं. माझे कान तापले.

संध्याकाळपर्यंत क्लिप गावोगाव फिरली. कुणीतरी मधलं कापलं होतं. "बांगड्या कशाला? ताट परत न्या!" एवढंच ठेवलं. ही बया सवाष्णींच्या चुड्याला लाथ मारायलीय, असं खाली लिहिलेलं. मग फोन सुरू झाले. "तुझी धिंड काढतो." "उदगीरला पाय ठेव, मग बघ." मी घरात एकटी. दाराबाहेर मोटारसायकल हळू झाली की मी दिवा मालवायची. कडी लावलेली असायची, तरी पुन्हा उठून बघायची. अगं माय, काय ती भीती!

दुसऱ्या दिवशी भाऊंनी जिल्ह्याच्या ऑफिसात बोलावलं. समोर मोबाइल धरला.

"डोक्यावर पदर घे. हात जोड. म्हण, चुकले, समद्या मायबहिणींची माफी मागते. मग तिकीट तुझंच."

मी पदर घेतला. हातही जोडले. खोटं कशाला बोलू, जीव प्यारा असतो.

"आणि पोरीची तक्रार?" मी विचारलं.

"ते निवडणुकीनंतर. त्या पोरांच्या घरची मतं लागतात आपल्याला."

केवढ्या सहज बोलले! तक्रार घ्यायचीच नव्हती कुणाला. फौजदारालाही नाही, भाऊंनाही नाही. मोर्चा नुसता फोटोपुरता. माझ्या अंगाची आग झाली. मी पदर खाली टाकला.

"न्हाई म्हणत."

"राजकारण संपलं तुझं. आन घरावर कुणी चालून आलं तर आम्हाला फोन करायचा न्हाई."

एसटीत बसले. तेवढ्यात पोरीच्या मायचा फोन. "अक्का, ठाण्यात जायचं ना? का तुमीबी अंग काढलं?"

"मला लई भ्या वाटायलंय," मी म्हणाले.

"मलाबी. पोरीलाबी. कवा येता?"

आम्ही तिघी गेलो. फौजदार हसला. "पक्षानं हाकललं म्हणे तुम्हाला."

"हाव. तक्रार लिहून घ्या."

माझा आवाज फाटला होता, पण शब्द निघाले. मोठे साहेब बाहेरगावी आहेत म्हणून त्यानं आम्हाला बसवून ठेवलं, मग हाकलून दिलं. आम्ही रोज जातो. रोज तो हाकलतो.

भीती गेलेली नाही. ती जाईपर्यंत थांबले असते तर कडी लावून घरातच बसले असते. निवडणुकीला मी उभी राहणार, झेंड्याशिवाय. गावोगाव माईक धरणार. आवाज कापला तर कापू दे. त्या पोरांची नावं घेणार, आडनावासकट, बापाच्या नावासकट, आणि त्यांच्याच दारासमोर उभी राहून घेणार.