नदीवर जायला निमित्त

नळ आल्यापासून या गावात घाटावर धुणं घेऊन कुणी येत नाही. येतात त्या फक्त माझ्या शेजारच्या सुमनमावशी. काल संध्याकाळी त्या गोधडी दगडावर आपटत होत्या आणि पाणी मात्र नितळच निघत होतं. गोधडी मी ओळखली. सकाळीच ती त्यांच्या दोरीवर वाळत होती.

“मावशी, ही धुतलेलीच आहे ना?”

“हो गं,” त्या हसल्या. “पण बाई रिकाम्या हातानं नदीवर बसली, की लोक विचारतात, घरात भांडण झालं का?”

वरच्या पायऱ्यांवर पुरुष नुसते पाण्याकडे बघत बसले होते. त्यांना कुणी काही विचारत नव्हतं. बायकांच्या वाट्याला नदी आली ती हंड्यातून, धुण्यातून. कामं घरात आली आणि नदी तिकडेच राहिली.

पिळलेली गोधडी खांद्यावर टाकून मावशी गेल्या. घाटावर बाई अशी मी एकटीच उरले. मग रोजच्यासारखा मोबाईल कानाला लावला आणि नदीकडे बघत “हं, हं” करत बसले. पलीकडे कुणीच नव्हतं.