साडेपाच तासांचा उशीर

मी एकदा दोन घड्याळांची भेसळ केली, आणि तीही स्वतःला लई हुशार समजून. उमरग्याच्या इंटरनेट केंद्रात दोन यंत्रांच्या नोंदी मी एका तक्त्यात जोडायची. दोन्हींत रकाना एकच, ‘वेळ’. पण एक यंत्र आपली वेळ लिहायचं, दुसरं जागतिक, म्हणजे साडेपाच तास मागची. एवढं बघायची गरज मूर्खांना, मला कशाला?

केबल जोडणारा लाइनमन रोज यायचा. नाव मी कधी विचारलं नाही. चिखलाचे बूट पायरीवर काढायचा, कापलेली बोटं खिशात लपवायचा. एकदा तुटलेली केबल त्यानं अर्ध्या तासात जोडली. तुटल्याची नोंद जागतिक वेळेच्या यंत्राची, जोडल्याची आपल्या वेळेच्या. माझ्या तक्त्यात सहा तास दिसले. कामावर झोपला म्हणून साहेबांनी त्याला काढलं.

महिन्याभरानं चूक सापडली आणि त्याला परत घेतलं. मी माफी मागायला गेले. माझ्याकडं न बघता तो म्हणाला,

“कागद नीट केला तुम्ही, बाई, बरं झालं. पर माझा बाप त्याच्या आधीच गेला, पोरगं कामावर झोपतंय असं समजून.”