मागसरे, हजर

गुरुजींनी माझ्या भावाचं नाव पुकारलं आणि मी एक पाऊल मागे सरले.

खरं तर पुढे जायचं होतं. ज्याचं नाव पुकारलं जाईल त्याच्या घरच्यानं चावडीसमोर यायचं, नव्या दगडाला फूल वाहायचं आणि इनामदारांच्या हातून नारळ घ्यायचा, असं ठरलं होतं. लढाई संपली होती. आमच्या गावातून फौजेत जाऊन मेलेल्यांच्या नावाचा दगड बसत होता. दगडावर गेरूनं नावं लिहून तयार होती, पाथरवट छिन्नी घेऊन बाजूला बसला होता. जाधवांचा म्हातारा पुढे गेला. पवारांची तरणी सून पदर सावरत गेली. गर्दी गप्प होती. मग गुरुजी म्हणाले, "गणपत मागसरे."

कुठून तरी फिस्सकन हसू आलं. आणि माझा पाय आपोआप मागे गेला, तो मागच्या बाईच्या पायावर पडला. तिनं लुगडं झटकलं.

"शिवलीस की गं! आता आंगूळ आली माज्या नशिबी."

इनामदार खुर्चीत बसले होते. तेही हसले. त्यांच्या हसण्यात राग नव्हता. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

"बघा," ते म्हणाले. "नाव घेतलं की मागं सरती. भाऊ बी लढाईत असाच सरला आसंल."

मग सगळी चावडी हसली. माझा भाऊ ब्रह्मदेशात मेला होता. त्याचं मढंसुद्धा आम्हाला दिसलं नव्हतं. आणि गाव हसत होतं. माझ्या शेजारी आबा उभे होते, मुंडासं काखेत धरून. तेही हसले. हसावं लागतं म्हणून हसले. माझ्या बापाचा तो चेहरा मी अजून विसरलेले नाही.

मागसरे. मागं सर रे. फोड करून सांगायची गरज नाही, कानाला लगेच कळतं. पाटील गावोगाव सापडतात. जाधव, पवार, शिंदे, कुठेही दगड मारला तरी एकाला लागेल. मागसरे मात्र उंब्रजच्या आसपास कुठेच नव्हते. आमचं गाव उंब्रजपासून पायी जाण्याइतक्या अंतरावर. त्यात आमचं एक घर आणि चुलत्याचं एक. चुलता पुढे पोट भरायला सांगलीला गेला आणि तिथे त्यानं सांगलीकर नाव लावलं. राहिलो आम्ही तिघं. आई मी लहान असतानाच गेली होती.

शाळेत मी दाराशी बसायचे, गुरुजी वहाणा काढायचे तिथे. हजेरी घेताना ते माझ्या आडनावाचे तुकडे करायचे. "माग. सर. रे." पोरं ओरडायची, "सर की गं!" तिथून आणखी मागे सरायचं म्हणजे थेट अंगणात. पण मी सरायचे. थोडीशी, बसल्या जागी. मग म्हणायचे, "हजर." सरलं की हसणं लवकर थांबायचं, एवढं मला कळलं होतं. पुढे ते डोक्यातून गेलं आणि अंगात राहिलं. बाजारात, विहिरीवर, कुणी आडनावानं हाक मारली की माझा पाय मागे जायचा. दादाचा नाही जायचा. दादा म्हणजे गणपत, माझ्याहून मोठा. त्याला आबांनी सांगितलेली गोष्ट पुरती पटली होती.

गोष्ट अशी. आमचा कुणी एक पूर्वज शिवाजीराजांच्या फौजेत होता. एकदा फौज मागे फिरली. खिंडीत शत्रू मागावर आला. तेव्हा आमचा पूर्वज शत्रूकडे तोंड करून उभा राहिला आणि एकेक पाऊल मागे सरत, लढत, त्यानं खिंड राखली. पाठ दाखवली नाही. म्हणून मागसरे. आबा हे सांगायचे तेव्हा उठून उभे राहायचे, हातात चुलीतलं लाकूड घ्यायचे आणि उलट्या पावलांनी चालून दाखवायचे. आबांना उलटं चालणं सुरेख जमायचं. त्याचं कारण आम्हाला ठाऊक होतं. देवीच्या पालखीपुढे दिवटी, म्हणजे मशाल, धरायचं काम आमच्या घराकडे होतं. देवीला पाठ दाखवायची नाही, म्हणून दिवटीवाल्यानं तिच्याकडे तोंड करून उलटं चालायचं. देवळाच्या पायऱ्या आल्या की मात्र बाजूला व्हायचं. पायरीला आमचा पाय लागता कामा नये.

"मग आपल्या नावाची मानसं कुटंच कशी न्हाईत?" मी एकदा दादाला विचारलं.

"खिंडीत मेली समदी," तो म्हणाला. "एकच वाचला. त्येची आपुन."

मला ते पटलं. किती सोपं होतं. नाव दुर्मिळ, कारण माणसं शूर. दादा औंधच्या यमाईच्या जत्रेला गेला की अनोळखी माणसांना विचारायचा, "मागसरे कुनी हाईत का हिकडं?" मेढ्याच्या बाजारातही विचारून आला होता. लोक हसायचे. तो परत येऊन म्हणायचा, "न्हाई घावलं कुनी." आणि त्याची छाती फुगायची.

साताऱ्याला भरती निघाली तेव्हा तो गेला. सुट्टीवर आला तेव्हा अंगानं भरला होता. मी त्याला पहिलं हेच विचारलं, की तिथे नावाला हसतात का.

"कोन हसतंय? पलटनीत समदी परमुलखातली, मराठी येनारा एकांदा. मागसरे म्हनलं की मी 'हाजीर साब' म्हनतो. नाव निस्तं नाव आसतंय तितं, येडे."

मला त्या दिवशी दादाचा हेवा वाटला. असा देश असेल जिथे आमच्या नावाचा अर्थ कुणाला लागत नाही, हे मला खरंच वाटेना. अशाच एका देशात तो मेला.

बातमी आली, पण कसा मेला ते कळलं नव्हतं. ते सांगायला पुढे त्याच्या पलटणीतला एक शिपाई आला. मेढ्याकडचा होता, एका पायानं लंगडत होता. आमच्या घरी पाणी प्याला. आबांच्या समोर बसला आणि खाली बघत बोलला.

"समदी फौज मागं निगाली हुती, आबा. नदीवरचा पूल उडवायचा हुता. तवर दुस्मनाच्या बाजूला कुनीतरी थांबाया पायजे हुतं. सुबेदारानं इचारलं, कोन थांबतंय? गणपा म्हनला, मी थांबतो. आमच्या घरचंच काम हाय त्ये."

मला रडू आलं, पण त्या रडण्यात अभिमान होता, खोटं कशाला सांगू. मी आबांकडे पाहिलं. आबांचा चेहरा मातीसारखा झाला होता. शिपाई गेला. आबांनी दार लोटून घेतलं. मग भिंतीवर डोकं आपटायला लागले. मी धरलं.

"खिंड न्हवती गं," ते म्हणाले. "कुटलीच खिंड न्हवती. मी रचली. तुमी रडत यायचा साळतनं, म्हून रचली. आन् माजं पोर त्या खोट्यापायी मेलं."

मग खरं काय ते सांगितलं. त्यांच्या पणज्याची गोष्ट. तो दिवटी धरून पालखीपुढे उलटा चालत होता. त्या वर्षी पाऊस होता, धूर होता, देऊळ कधी आलं ते त्याला कळलंच नाही. टाच पहिल्या पायरीवर पडली. लोक ओरडले, "मागं सर रे!" तोंड देवीकडे, पाठ देवळाकडे. त्याचं मागं म्हणजे देऊळच. तो हुकमाचा ताबेदार. मागे सरला. दुसऱ्या पायरीवर गेला. लोक आणखी ओरडले, "मागं सर, मागं सर!" तो बिचारा आणखी सरला. असा सरत सरत तो पाठमोरा देवळाच्या दारात जाऊन पोचला, हातात दिवटी घेऊन. जिथे आमच्यातलं कुणी कधी गेलं नव्हतं तिथे. मग त्याला खाली ओढला आणि पाय मोडेपर्यंत मारला. देऊळ धुवून घेतलं. पुढे गाव त्याला मागसऱ्या म्हणायला लागलं. कुणी सरकारी माणूस नावं विचारत आला, त्याला गावानं तेच सांगितलं. माणूस मेला, हसणं राहिलं आणि ते आमचं आडनाव झालं.

म्हणून कुठे सापडत नव्हतं. जगात आणखी कुठे अशी गंमत झालीच नव्हती.

त्या रात्री मला झोप लागली नाही. मार नव्हे, त्याचं हुकूम पाळणं माझ्या डोळ्यांपुढे येत होतं. लोक म्हणाले सर, तो सरला. तरी मार खाल्ला. नसता सरला तरी खाल्ला असता. मग पाळायचा कशाला हुकूम? हा प्रश्न माझ्या घरात कुणी विचारला नव्हता. मी मनात विचारला आणि मला स्वतःचीच भीती वाटली.

तर चावडी. हसून झाल्यावर इनामदार गंभीर झाले.

"गुरुजी, दगूड काय रोज बसत न्हाई. पावनं-रावळं येत्यात, वाचत्यात. आसलं नाव बरं दिसतं का त्येवर? पुसा त्ये."

गुरुजी खाली बघायला लागले. सगळीकडे तेव्हा स्वराज्य येणार म्हणून चर्चा होती, गुरुजीच आम्हाला सांगायचे. आता त्यांनी नावांच्या कागदाची घडी घातली. आबांनी हात जोडले.

"व्हय जी. सरकार म्हंतील तसं."

पाथरवटानं फडकं पाण्यात बुडवलं. मी पुढे गेले. कशी गेले ते आता सांगता येत नाही. दगडाच्या आणि त्याच्या मधे जाऊन उभी राहिले.

"पुसू नगा. माजा भाव मेलाय."

इनामदार खुर्चीतून अर्धे उठले. "मागं सर, पोरी."

कुणी हसलं नाही. माझा पाय हलायला आला. मला तो जाणवला, टाच उचलली जाताना. मी ती परत जमिनीवर टेकवली.

"सरत न्हाई," मी म्हणाले.

आयुष्यात मोठ्यांदा बोललेलं माझं ते पहिलं वाक्य. पुढे काय झालं? मला कुणी परक्यानं हात लावला नाही, शिवाशिव झाली असती ना. मला आबांनीच मारलं. सगळ्या गावासमोर, थोबाडीत, आणि दंडाला धरून ओढत बाजूला नेलं. मारता मारता ते इनामदारांना म्हणत होते, "पोर हाय जी, येडी हाय." मागे वळून पाहिलं तेव्हा पाथरवटाचं पुसून झालं होतं. गेरूचं लाल पाणी दगडावरून खाली ओघळत होतं.

त्या वर्षीच्या देवीच्या जत्रेत दिवटी दुसऱ्याच्या हातात गेली. आम्हाला कुणी कामाला बोलवेना. आम्ही सांगलीला चुलत्याकडे आलो. चुलता हळदीच्या वखारीत हमाल होता. त्यानं आबांना पहिल्याच दिवशी शिकवलं, "नाव इचारलं की सांगलीकर म्हनायचं. हितं कुनाला ठावं न्हाई." आबांनी तसं सांगायला सुरुवात केली. सांगताना त्यांची मान थोडी वर व्हायची. मी त्यांना दोष देत नाही. ते सांगलीकर म्हणूनच वारले.

मलाही वखारीत हळद निवडायचं काम मिळालं. मुकादमानं नाव विचारलं.

"मागसरे."

"सांगलीकर न्हवं का तुमी?"

"त्ये चुलतं. मी मागसरे."

बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मुकादमाला मजा वाटली, तो रोज सकाळी वखारभर ऐकू जाईल असा ओरडायचा, "मागं सर रे!" मी जागच्या जागी उभी राहून म्हणायचे, "हजर." पुढे त्याचा आवाज बसला.

स्थळं आली. चुलती म्हणायची, "लगीन झालं की नाव जातंय गं, आपसूक पीडा टळंल." त्याच वाक्यावर मी नाही म्हणत गेले. चुलत्यानं बोलणं सोडलं. मी एकटी राहिले, आणि त्या काळात एकटी बाई वखारीत काम करून कशी जगते, ते सांगत बसत नाही.

आज या आडनावाची माणसं किती, असं कुणी विचारलं तर उत्तर सोपं आहे. मी. चुलत्याची नातवंडं शिकली, चांगली आहेत, सांगलीकर आहेत. म्हणतात, "आत्याआजी, आता कशाला ते नाव? कुणी हसत पण नाही आता." हसत नाहीत, कारण आता कुणी नीट ऐकत नाही. दगड अजून चावडीसमोर आहे. एकदा जाऊन बघून आले. वरच्या आणि खालच्या नावाच्या मधे एक ओळ कोरी आहे. तिथल्या पोरांना वाटतं, पाथरवटाचा अंदाज चुकला.

दादाचं नाव कुठेच नाही. आबांनीही आडनाव टाकलं. आता ते फक्त माझ्या नावामागे आहे, आणि माझ्याबरोबर ते सरणावर जाईल. मला त्यात समाधान वाटत नाही. त्या गावानं माझं काहीच परत दिलेलं नाही, आणि देणारही नाही, हे मला माहीत आहे.

पण गावकऱ्यांनो, हे आडनाव तुमचं आहे. तुम्ही ठेवलंय. ते टाकून मी तुमची सोय करणार नाही. मी आहे तोवर मला हाक मारायची तर पूर्ण आडनावानं मारा, आपल्या तोंडानं म्हणा, मागं सर रे. मी सरत नाही.