ठेंगणीतून सहा सिलिंडरचं इंजिन का उतरलं

भावजी,

तुमच्या जुन्या गाड्यांच्या मंडळाने वार्षिक अंकात तुमच्यावर लिहायला मला सांगितलं आहे. आधी तुम्हालाच विचारलं होतं म्हणे, तर ‘माझ्यात लिहिण्यासारखं काय आहे’ म्हणून तुम्ही अंग काढून घेतलंत. बरं केलंत. तुम्ही लिहिलं असतंत तर अर्धा अंक स्प्रिंगांवर गेला असता.

मंडळातल्या लोकांना एकच गोष्ट जाणून घ्यायची आहे. एवढं गुरगुरणारं सहा सिलिंडरचं इंजिन काटेभाऊंनी, म्हणजे तुम्ही, आपल्या ठेंगणी गाडीत हौसेने बसवलं, आणि वर्षाच्या आत उतरवून त्या जागी चार सिलिंडरचं गरीब बिचारं इंजिन का ठेवलं? विचारलं की तुम्ही ‘सुटे भाग मिळत नव्हते’ असं पुटपुटता आणि बॉनेट उघडून आत डोकं घालता. हे साफ खोटं आहे. सुट्या भागांनी शेड इतकी भरली होती की आत जायचं तर पोट आत घ्यावं लागे. तेव्हा खरं काय ते मीच सांगते. राग आला तर अंक छापून झाल्यावर या.

वाचणाऱ्यांना तुम्ही कोण हे कळायला हवं म्हणून तुमचीच ओळख तुम्हाला करून देते. तुम्ही माझे धाकटे दीर, बुटके, रुंद, आणि बोलताना एका पायावरचा भार दुसऱ्यावर टाकत राहणारे. धंदा वजनकाटे दुरुस्त करण्याचा. किराणा दुकानातल्या तराजूपासून ट्रक उभा राहील एवढ्या काट्यापर्यंत सगळं तुमच्या हाताखालून गेलं, म्हणून बाजारात तुम्हाला काटेभाऊ म्हणतात. धंदा माणसाच्या अंगात भिनतो हे मान्य, पण तुमच्या अंगात तो जरा जास्तच भिनला. जेवायला बसताना तुम्ही टेबलाच्या एका बाजूला दोन जाडी माणसं बसू देत नाही. तुमच्या दादांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, तुम्ही भर लग्नघरात सांगितलं होतंत की पाकीट नेहमी एकाच खिशात ठेवल्याने ते डावीकडे कलले आहेत. त्यानंतर ते आठवडाभर आरशासमोर उभे राहून खांदे तपासत होते. माझी पिशवीसुद्धा तुम्ही अर्ध्या वाटेत दुसऱ्या हातात द्यायला लावता.

तुमची बायको, म्हणजे माझी धाकटी जाऊ, तुमच्यापेक्षा वीतभर उंच, आणि ती सगळी उंची पायांत. आम्ही तिला धाकटी म्हणतो हे ऐकून नवखी माणसं तिच्याकडे मान वर करून बघतात. हॉस्पिटलच्या टेलिफोनवर तिची सगळी नोकरी झाली. त्यामुळे आवाज असा की घाबरलेलं माणूसही तिने सांगितलेल्या खोलीपाशी बरोबर पोचायचं. मंडळाच्या दरवर्षीच्या डोंगरातल्या फेरीत तुम्ही गाडी चालवायची आणि तिने मांडीवर नकाशा घेऊन वळणं सांगायची, हा तुमचा शिरस्ता. एरवी तुम्ही दोघं दिवसभरात जेवढं बोलत नसाल तेवढं त्या एका दिवसात बोलायचात. ‘पुढे उजवीकडे.’ ‘बरं.’ ‘आता सावकाश.’ ‘बरं.’ ह्याला संसार म्हणतात की नाही मला माहीत नाही, पण तिला त्या दिवसाची ओढ असायची, आणि तुम्हालाही.

तर ठेंगणी. कमरेइतक्या उंचीची, दोन माणसांपुरती, लाल गाडी. जिने ती बनवली ती कंपनी कधीच बंद पडली होती. गाडी हलकी, वळणावर मांजरीसारखी. तिचं मूळ इंजिन एका उन्हाळ्यात तापून तडकलं आणि तसं दुसरं कुठे मिळेना. तेवढ्यात भंगारवाल्याने तुम्हाला ते सहा सिलिंडरचं दाखवलं. एका ऐसपैस जुन्या गाडीतलं, सगळं बिडाचं, शेडमध्ये आणताना वजन उचलायची चेनपुली कुरकुरली असं. ताकद मूळच्या दुप्पट. एरवी गोणीभर साखरेच्या वजनातली चूक नुसत्या नजरेने सांगणारे तुम्ही, पण त्या इंजिनाचा आवाज ऐकलात आणि विरघळलात. तुम्हाला हे शोभलं नाही, असं मी तेव्हाच म्हटलं होतं.

इंजिन बसलं, आणि ठेंगणीचं नाक खाली गेलं. हरवलेली सुई शोधत वाकलेल्या बाईसारखी ती शेडच्या दारात उभी. तुम्ही म्हणालात, पुढच्या स्प्रिंगा कडक केल्या की झालं. केल्यात. पहिल्याच चाचणीला रोपवाटिकेच्या वळणावर तुम्ही स्टिअरिंग फिरवलंत, पुढची चाकं वळली, आणि गाडी मात्र सरळ कुंपणातून आत गेली. पुढचं वजन एकदा निघालं की ते आपल्याच वाटेने जातं, चाकांचं ऐकत नाही, हे तुम्ही नंतर रोपवाटिकेच्या मालकाला फार छान समजावलंत. तो हातात तुटलेली कुंडी घेऊन ऐकत होता. शेजारच्या आसनावरून धाकटी केसांतली पानं काढत एवढंच म्हणाली, की ‘मी वळा म्हटलं होतं.’

दुसरा कुणी असता तर इथे थांबला असता. तुम्ही शेडमध्ये चार सपाट काटे मांडलेत, प्रत्येक चाकाखाली एक, आणि ठरवलंत की गाडीचं निम्मं वजन पुढच्या चाकांवर आणि निम्मं मागच्या चाकांवर आल्याशिवाय ती काट्यांवरून उतरवायची नाही. बॅटरी डिकीत गेली. त्याने भागलं नाही. मग इंजिनच मागे सरकवायचं ठरलं. इंजिन आणि बसायची जागा यांच्यामधला पत्रा तुम्ही कापलात आणि ते धूड आत ढकलत आणलंत. तुमच्या बाजूला स्टिअरिंगचा दांडा आडवा आला, म्हणून ते दुसऱ्या बाजूला सरकवलंत. त्याच बाजूने धुराची नळी काढलीत. प्रत्येक ढकलण्यानंतर काटे वाचायचे, मान हलवायची, पुन्हा ढकलायचं.

आता हे सगळं माणसं बसवून तोलायचं असतं, रिकाम्या गाडीचं वजन कुणाला हवंय, हा तुमचाच नियम. पण धाकटी काही तास न् तास गाडीत बसून राहणार नव्हती. म्हणून तुम्ही एक काटा दुरुस्तीच्या निमित्ताने घरी आणलात, ‘जरा उभी राहा, बरोबर दाखवतोय का बघतो’ म्हणून तिला त्यावर उभं केलंत, आणि तेवढ्याच वजनाचं वाळूचं पोतं शिवून तिच्या आसनावर ठेवलंत. आकडा इथे लिहीत नाही. हे धाकटी वाचणार आहे.

त्या रविवारी सकाळी तुम्ही आम्हाला सगळ्यांना शेडमध्ये बोलावलंत. पुढच्या दोन काट्यांची बेरीज आणि मागच्या दोन काट्यांची बेरीज एक आली होती. तुमचा चेहरा असा की जणू तुम्हालाच मूल झालंय. तुमच्या दादांनी तुमच्या पाठीवर थाप मारली, आणि तुम्ही त्यांना गाडीपासून दूर उभं राहायला सांगितलंत, हात लागला तर आकडा बदलेल म्हणून. धाकटी इस्त्रीची पँट घालून, नकाशाची पिशवी घेऊन आली. तुम्ही पोतं उतरवलंत, आसन झटकलंत, दार धरून उभे राहिलात.

ती बसली. एक पाय आत घेतला. मग दुसरा घ्यायला गेली, तर तो जाईना. जिथे पाय ठेवायचे तिथे इंजिनाचा मागचा भाग होता, त्याला लागून नळी, आणि उरलेल्या जागेत फार तर चप्पल मावली असती, तीही एकच. तिने गुडघे वर घेतले तर ते हनुवटीला लागले, आणि नकाशा डोक्यावर धरायची वेळ आली. तुम्ही म्हणालात, ‘जरा तिरकी बसून बघ.’

ती तशीच बसून म्हणाली, ‘इथे पोतं किती दिवस बसत होतं?’

‘महिनाभर असेल.’

‘त्याला पाय होते?’

तुम्ही काट्यांकडे बघितलंत. काटे बरोबर होते.

‘मग त्यालाच न्या,’ ती म्हणाली, आणि दोन्ही हातांनी स्वतःला वर ओढून बाहेर आली. चिडली नव्हती. चिडली असती तर तुम्हाला सोपं गेलं असतं.

कोणताही शहाणा माणूस त्या वर्षी फेरीला गेला नसता. तुम्ही गेलात, आणि पोत्याला घेऊन गेलात, कारण त्याच्याशिवाय तोल बिघडला असता. त्याला पट्टासुद्धा बांधलात. डोंगरात तुम्हाला पहिल्याच फाट्यावर नकाशा उलगडायला हात मोकळा नव्हता. मग तुम्ही अंदाजाने वळत गेलात. गाडी प्रत्येक वळण अप्रतिम घेत होती असं तुम्ही नंतर शपथेवर सांगितलंत, आणि माझा त्यावर पूर्ण विश्वास आहे. फक्त ती सगळी वळणं चुकीची होती. शेवटी तुम्ही एका वीटभट्टीवर पोचलात. तिथल्या मुकादमाला वाटलं, तुम्ही वाळूचा नमुना दाखवायला आलात. त्याने पोत्यात हात घालून बघितलं आणि फार बारीक आहे म्हणून नाकारलं.

संध्याकाळी घरी येऊन तुम्ही गाडी किती सुरेख वळली ते सांगत होतात. धाकटीने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘कुठे कुठे वळली?’

इथवर सगळे हसतात. पुढचं मंडळाला ठाऊक नाही. त्या फेरीत पहिले आलेले दातांचे डॉक्टर. त्यांची ती लांबलचक, सोफ्यासारखी गाडी. त्यांच्या बायकोला डोंगरात मळमळतं, तिने कायमचे हात जोडले होते. डॉक्टरांनी धाकटीला फोन करून सरळ विचारलं, पुढच्या वर्षीपासून माझ्या शेजारी बसून नकाशा वाचाल का, मंडळात तुमच्यासारखं कुणी नाही. तिने विचार करून सांगते म्हटलं. जेवताना तुमच्या पानात वाढता वाढता तिने हे तुम्हाला सांगितलं, आणि वर एवढंच, की ‘तिथे पाय पसरता येतात म्हणे.’

तुम्ही भात कालवत राहिलात. कालवून झालेला भात पुन्हा कालवलात. हे मला तिनेच सांगितलं, आणि सांगताना ती हसत नव्हती. तिला डॉक्टरांच्या गाडीची हौस नव्हती, भावजी. एक महिना तुम्ही तिच्या जागेवर काहीतरी ठेवून हिशेब जुळवत होतात आणि तो जुळलाही होता, हे तिला लागलं होतं. मी असते तर त्याच दिवशी डॉक्टरांना हो म्हटलं असतं.

दुसऱ्या दिवशी शेडमधून चेनपुलीचा आवाज आला. मी डोकावले, तर सहा सिलिंडरचं धूड हवेत लटकत होतं आणि तुम्ही खाली उभे राहून रिकाम्या ठेंगणीत बघत होतात. मी म्हटलं, आता कोणतं इंजिन? तुम्ही म्हणालात, ते नंतर. आधी पायांची जागा करायची, पत्रा तिथून पुढे लावायचा, आणि मग उरलेल्या जागेत जे मावेल ते इंजिन. गाड्यांच्या कामात असं उलटं कुणी करत नसेल. पुढे उरलेल्या जागेत ते चार सिलिंडरचं, कुठल्याशा सामानाच्या गाडीतलं मावलं, आणि गाडीचं नाक आजही किंचित जड आहे, हे तुम्हालाही माहीत आहे. डॉक्टर फेरीच्या दिवशी तुमच्या पुढे निघून जातात आणि हात करतात, तेही सगळे बघतात. तर मंडळींनो, इंजिन त्यासाठी बदललं. सुटे भाग वगैरे काही नाही.

पण त्या दिवशी अजून काहीच ठरलं नव्हतं. तुम्ही खिशातून मोजायची टेप काढून माझ्यापुढे धरलीत आणि दाराकडे बघत म्हणालात, ‘वहिनी, एक काम कराल? तिची मापं हवीत. कंबर ते गुडघा आणि गुडघा ते टाच. तिला कळू न देता.’

मी विचारलं, की बाईच्या पायांची मापं तिला कळू न देता कशी घेतात, तुम्हीच दाखवा. तुम्ही म्हणालात, ‘वहिनी, तुम्ही शिकलेल्या आहात, काहीतरी सुचेल.’ मला काहीही सुचलं नाही. टेप घेऊन मी घरात गेले. धाकटी खुर्चीवर बसून पुढच्या स्टुलावर पाय लांब करून पेपर वाचत होती. इतकी सोय कुठून मिळणार, म्हणून मी वाकले, तर पेपर खाली न करता ती म्हणाली, ‘जाऊबाई, कमरेत चमक भरेल. त्यांना म्हणावं, पाय इथेच आहेत. मापं हवी असतील तर स्वतः येऊन घ्या.’

मी परत आले, जसाच्या तसा निरोप सांगितला, आणि टेप तुमच्या हातात ठेवली. तुम्ही विचारलंत, ‘म्हणजे मापं नाही घेतलीत?’ मी म्हटलं, नाही घेतली, आणि घेणारही नाही. तुम्ही नळाशी जाऊन कोपरापर्यंत साबण लावत होतात, पुन्हा पुन्हा, तेवढ्यात मी निघाले. मला बाजारात जायचं होतं.

तुमची,
वहिनी