साडूभाऊंची न गळणारी पेटी

एकोणीसशे एकतीस साल. मी तेवीस वर्षांचा. पुढं पुष्कळ जग पाहिलं, पण भोकाचा एवढा राग असलेला माणूस मला माझ्या थोरल्या साडूंशिवाय दुसरा भेटला नाही. रेवदंड्याच्या खाडीवर ते होड्या बांधत. फट दिसली की तेलात भिजवलेलं सूत ठासायचं आणि वरून राळ चोपडायची, हा त्यांचा धंदा. पण तो धंदा घरीही सुटेना. उंदरांची बिळं बुजवली, दाराच्या फटी बुजवल्या, आणि एकदा तर कुलपातलं चावीचं भोकसुद्धा बुजवून टाकलं. कुलूप तोडून घरात शिरावं लागलं तेव्हा आक्का, म्हणजे त्यांची बायको आणि माझी थोरली मेव्हणी, सगळ्या आळीला ऐकू जाईल असं म्हणाली, "बरं झालं, देवानं नाकपुड्या ह्यांना ईचारून न्हाय दिल्या!" साडूभाऊ शांतपणे म्हणाले, "कुलूप मोडलं, पर पानी शिरलं काय?" कुणाकडं जेवायला गेले तरी आधी पाट उलटा करून बोटानं वाजवून बघत, मग बसत.

त्या वर्षी अलिबागेत एक नाटक मंडळी मोडली. तिची जुनी पेटी साडूभाऊंनी मांडीवर घेऊन बैलगाडीतून आणली, कारण आमच्या मारुतीच्या भजनाला पेटी नव्हती. आत झुरळांचा संसार, भात्यात उंदराचं बाळंतपण, पट्ट्या खाऱ्या हवेनं फुगलेल्या. साडूभाऊंना सुरातलं ओ की ठो कळत नव्हतं. कोकिळा आणि कावळा त्यांना सख्खे भाऊबहीण वाटत. पण वस्तू लाकडाची, म्हणजे ती त्यांची. देवळात सगळ्यांसमोर म्हणाले, "जयंतीला पेटी वाजली न्हाय, तर म्या पुन्ना वाकसाला हात लावनार न्हाय." वाकस म्हणजे त्यांचं लाकूड तासायचं हत्यार, बापाच्या हातचं. आणि त्यांच्या होड्या बांधायच्या मांडवात तेव्हा अर्धी होडी उभी होती.

महिनाभर आम्ही दोघं पेटीला भिडलो होतो. पितळी सूर, म्हणजे वाऱ्यानं वाजणाऱ्या आतल्या पात्या, आक्कानं समईसारखे पुसले आणि सुपात सोडे वाळत घालावेत तसे मांडले. कुठला सूर कुठला ते कळावं म्हणून साडूभाऊंनी होडीच्या फळ्यांवर करतात तशा खुणा केल्या. भात्याला नवं कातडं लावलं. आणि मग भात्याच्या फळीत त्यांना चार भोकं सापडली. साडूभाऊंनी सूत उचललं.

मी नाटकाच्या तंबूत पेटीवाल्यामागं बसून बघितलं होतं. म्हटलं, "साडूभाऊ, ती राहू द्या. तिथनं पेटी वारा घेते."

"तू कवापास्नं रं पेटीवाला? दोन बुकं धड शिकला न्हाईस!"

ते खरं होतं, म्हणून जास्त लागलं. "मग बुजवा," म्हणालो आणि पुन्हा तोंड उघडलं नाही.

जयंतीच्या संध्याकाळी भजनीबुवांनी भाता ओढला. हलेना. दोघांनी ओढला. पेटी मारुतीपेक्षा गप्प. मागून कोणीतरी ओरडलं, "आरं, ही पेटी न्हाय, होडी हाय! सोडा खाडीत!" देऊळ हसलं. मीही हसलो. साडूभाऊ उठले, घरी गेले आणि वाकस आढ्याला टांगून टाकला.

साडूभाऊंना जाऊनही आता कैक वर्षं झाली. त्या चार भोकांतली राळ मागाहून मीच टोकरून काढली. पेटी अजून वाजते, दमेकऱ्यासारखी, पण वाजते. ती ऐकताना मला माझं ते हसणं आठवतं. चुकलो म्हणणं मला तेव्हाही जमलं नाही, आताही जमत नाही.

म्हणून त्या जयंतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी साडूभाऊंच्या मांडवातलं गिरमिट उचललं, वाळूवरच्या माझ्या धडधाकट होडीच्या तळाला भोक पाडलं, सुतानं भागणार नाही आणि लाकडी खुंटीच तासावी लागेल एवढं मोठं, आणि त्यांच्या दारात उभा राहिलो. "साडूभाऊ, होडी गळतेय."

ते आले. वाकले. भोकात बोट घातलं, ताजा भुसा चिमटीत धरला.

"ह्ये तर माज्याच गिरमिटाचं हाय."

मी खाडीकडं बघत राहिलो.

"ह्ये तरी बुजवू का रं?"

"बुजवा," मी म्हणालो, आणि आढ्याचा वाकस काढून आणायला धावलो.